लष्करी अळीचा माग

गेल्या कांहीं वर्षांत ज्यानें मका पेरला असेल त्याला अमेरिकन लष्करी अळीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. सकाळीं शेतांत जावें तों पोंग्यांतील कोंवळीं पानें चाळणीसारखीं झालेलीं आणि पोंग्याच्या तोंडाशीं लाकडाच्या भुशासारखी विष्ठा सांचलेली, असा देखावा आपल्यापैकीं कित्येकांनीं पाहिला असेल. २०१८ सालापूर्वीं आपल्या शेतकऱ्याला हिचें नांवहि ठाऊक नव्हतें. मग ही आली कोठून, आली कशी, आणि ती आली हें ओळखलें कोणीं, या तीन प्रश्नांचा आज आपणांस विचार करावयाचा आहे. मी कांहीं कीटकशास्त्रज्ञ नव्हें. मॅट्रिक होऊन मराठी शाळेंत मुलांना शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें असा एक निवृत्त शिक्षक आहें. तथापि हजेरी घेण्याची आणि नोंद ठेवण्याची संवय शिक्षकाच्या हाडींमासीं खिळलेली असते. आणि आजचा विषय, खोल पाहूं गेल्यास, नोंदीचाच आहे.

या किडीचें मूळ ठाणें अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांत आहे. इ. स. १७९७ मध्यें जेम्स एडवर्ड स्मिथ या इंग्रज शास्त्रज्ञानें, जॉन अॅबट यानें काढलेल्या चित्रांच्या आधारें, जॉर्जिया प्रांतांतील पतंग व फुलपांखरें यांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत हिचें पहिलें शास्त्रीय वर्णन सांपडतें. हिला कडाक्याची थंडी सोसत नाहीं, आणि थंडी सरेपर्यंत निपचित पडून राहण्याची विद्याहि हिला अवगत नाहीं. म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हिवाळ्यामध्यें ती फ्लॉरिडा व टेक्सस यांच्या दक्षिण भागांतच काय ती तग धरते. उन्हाळा लागला कीं, दसऱ्यानंतर मुलूखगिरीला निघणाऱ्या फौजेप्रमाणें, पिढीमागून पिढी उत्तरेकडे सरकत ती थेट कॅनडापर्यंत जाऊन पोंचते; आणि थंडी पडली म्हणजे जिंकलेला सगळा मुलूख तिच्या हातचा जातो. आपल्याकडे तशी थंडी पडत नाहीं. बारा महिने कोठें ना कोठें मका, ज्वारी, ऊस किंवा हिरवें गवत उभें असतें. तेव्हां येथें एकदां उतरलेल्या या फौजेला माघारी फिरण्याचें कारणच उरत नाहीं.

तिची राहणी थोडक्यांत सांगतों, कारण तिचा माग काढावयाचा तर तिचीं पावलें ओळखतां आलीं पाहिजेत. मादी पतंग रात्रीं मक्याच्या पानावर शंभर-दोनशें अंडीं एका पुंजक्यांत घालते आणि त्यांवर आपल्या अंगावरील लव पसरून ठेवते. असे अनेक पुंजके मिळून एक मादी हजार-दीड हजार अंडीं घालते. उष्ण हवेंत तीन-चार दिवसांत अंडीं फुटतात. बाहेर पडलेल्या बारीक अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडून खातात, त्यामुळें पानावर कागदासारखे पांढुरके, पारदर्शक चट्टे दिसूं लागतात. कांहीं अळ्या रेशमासारखा धागा सोडून वाऱ्याबरोबर शेजारच्या झाडावर जातात. पुढें प्रत्येक पोंग्यांत बहुधा एकच मोठी अळी उरते. बाकीच्यांचें काय होतें म्हणाल, तर या अळ्या एकमेकींना खाऊन टाकतात. दोन-तीन आठवड्यांत पांच वेळां कात टाकून पूर्ण वाढलेली अळी जमिनींत शिरते, तेथें कोष करते, आणि आठ-दहा दिवसांनीं त्यांतून पतंग बाहेर पडतो. अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा फेरा आपल्या हवेंत सुमारें एका महिन्यांत पुरा होतो. मोठी अळी ओळखण्याच्या दोन खुणा पक्क्या ध्यानांत ठेवाव्या: डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटें काढावें तशी फिकट रेघ, आणि शेपटाकडील शेवटून दुसऱ्या वलयावर चौकोन साधणारे चार काळे ठिपके.

आतां तिच्या प्रवासाकडे वळूं. २०१६ सालाच्या आरंभीं पश्चिम आफ्रिकेंतील नायजेरिया, बेनिन, टोगो आणि साव तोमे बेट येथें ती प्रथम नजरेस आली. अटलांटिक महासागर ओलांडून ती आली हें उघड आहे. मालवाहू जहाजें, विमानें आणि भाजीपाल्याच्या पेट्या यांतून किडीचीं अंडीं वा अळ्या चोरवाटेनें येतात, हा जगाचा जुना अनुभव आहे. एकदां भूमीवर पाय टेकल्यानंतर मात्र तिला कोणाच्या वाहनाची गरज नव्हती. तिचा पतंग अनुकूल वाऱ्यावर एका रात्रींत शंभर किलोमीटरांचा पल्ला गांठूं शकतो. २०१८ उजाडेपर्यंत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील चाळीसांहून अधिक देशांत तिची नोंद झाली. आफ्रिकेंतील लाखों कुटुंबें मक्याच्या पिठावर जगतात. तेथें हा प्रश्न बाजारभावाचा नसून रोजच्या घांसाचा होता.

मे २०१८ मध्यें कर्नाटकांतील शिवमोग्गा येथील कृषि महाविद्यालयाच्या शास्त्रज्ञांना मक्याच्या शेतांत एक अपरिचित अळी आढळली. त्यांनीं ती वाढविली, पतंग बाहेर पडेपर्यंत वाट पाहिली, पतंगाची बारकाईनें तपासणी केली, आणि ही अमेरिकेंतील लष्करी अळीच होय असें निश्चित केलें. जुलै महिन्यांत बंगळूर येथील राष्ट्रीय कृषि कीटक संसाधन ब्यूरोनें साऱ्या देशाला सावध केलें. त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत सोलापूर जिल्ह्यांत मक्यावर आणि सांगलीकडे उसावर ती दिसली. २०१९ च्या जानेवारींत चीनच्या युन्नान प्रांतांत, त्याच वर्षाच्या पावसाळ्यांत कोरिया व जपान येथें, आणि २०२० च्या आरंभीं टोरेस सामुद्रधुनींतील बेटांवरून ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर तिची नोंद झाली. नकाशा पुढें घेऊन या तारखा एकामागून एक मांडल्या, तर पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी एक सरळ वाट डोळ्यांपुढें उभी राहते. चार वर्षांत अर्धें जग!

परंतु, श्रोते हो, येथें थोडें थांबलें पाहिजे. शाळेच्या पटावर मुलाचें नांव ज्या दिवशीं चढतें, त्याच दिवशीं तें मूल गांवांत आलें असें कोणी म्हणेल काय? आईबाप कामधंद्यासाठीं येऊन राहिलेले असतात, मूल गल्लींत खेळत असतें. कोणी चौकशी करतो, कोणी त्याला शाळेंत घेऊन येतो, आणि मग पटावर नांव लागतें. गांवांत येणें आणि पटावर येणें यांत कधीं आठ दिवस जातात, कधीं दोन वर्षें. किडीचेंहि असेंच आहे. मे २०१८ ही ती शिवमोग्ग्याला ओळखली गेल्याची तारीख होय. येऊन पोंचल्याची नव्हे. ज्या देशांत शेतें तपासणारे जाणते लोक अधिक, तेथें नोंद लौकर होते. जेथें कोणी पाहत नाहीं, तेथें कीड सुखानें नांदते आणि नकाशा कोरा राहतो. म्हणून नकाशावरील पहिला ठिपका किडीच्या वाटेविषयीं जितकें सांगतो, तितकेंच पाहणाऱ्याच्या जागरूकतेविषयींहि सांगतो.

तिला लपण्यास आणखी एक आडोसा मिळाला, आणि तो म्हणजे जुन्या नांवाचा. आपल्या शेतकऱ्याला 'लष्करी अळी' हा शब्द नवा नव्हता. ज्वारीवर टोळीनें धाड घालणारी देशी लष्करी अळी त्याच्या वाडवडिलांनींहि पाहिलेली होती. तंबाखू, सोयाबीन, कोबी यांचीं पानें खाणारी अळी तर या नव्या अळीची जवळची नातलग. मक्याच्या पोंग्यांत शिरणारी खोडकिडाहि परिचयाची. अशा वेळीं पोंग्यांत कांहीं वळवळतांना दिसलें, तर 'नेहमींचीच अळी' म्हणून मनुष्य पुढें जातो. आफ्रिकेंतहि तेथील जुनी लष्करी अळी होतीच. ओळखीचें नांव हातीं लागलें कीं माणसाची चौकशी थांबते. शिवमोग्ग्याच्या शास्त्रज्ञांचा मोठेपणा यांत आहे कीं, 'नेहमींचीच' हें उत्तर त्यांनीं स्वीकारलें नाहीं; अळीच्या डोक्यावरील रेघ आणि पाठीवरील ठिपके त्यांनीं पुन्हां एकदां पाहिले.

जर तारखांवर पूर्ण भरंवसा ठेवतां येत नाहीं, तर मग वाट शोधावी कशी? त्यासाठीं शास्त्रज्ञांनीं दुसरी एक बखर उघडली. ती म्हणजे किडीच्या शरीरांत लिहिलेली तिची वंशावळ. नाशिक-त्र्यंबकेश्वरीं गेलेल्यांनीं तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहिल्या असतील. गांवाचें आणि आडनांवाचें सूत्र धरून उपाध्याय चार पिढ्यांपूर्वींचें नांव दाखवितो. तसेंच प्रत्येक जीवाच्या पेशींत आनुवंशिक द्रव्याची लिपि असते. त्यांतील एक लहान भाग केवळ आईकडून येतो, दुसरा आईबापांकडून मिळून येतो. दोन ठिकाणच्या पतंगांमध्यें या लिपींतील अक्षरें जितकीं जुळतात, तितकें त्यांचें नातें जवळचें.

या तपासांत आफ्रिकेंतील पतंगांचें नातें फ्लॉरिडा व कॅरिबियन बेटें यांकडील पतंगांशीं जवळचें असल्याचें दिसून आलें. आणि भारतांतील पतंगांचें आफ्रिकेंतील पतंगांशीं साम्य आढळलें. येथवर नकाशा आणि वंशावळ यांचा मेळ बसला. पण पुढें एक गंमत झाली. अमेरिकेंत या किडीच्या दोन शाखा आहेत: एक मुख्यतः मक्यावर व ज्वारीवर जगते, दुसरी भातावर आणि गवतावर. दिसावयास दोघी अगदीं सारख्या. भेद कळतो तो लिपीवरून. आपल्याकडच्या पुष्कळशा अळ्यांची आईकडील खूण पाहावी तर ती भाताच्या शाखेची. दुसरी खूण पाहावी तर मक्याच्या शाखेची. आणि सांपडल्या त्या मक्यावर! याचा अर्थ या दोन शाखांचा पूर्वीं कोठें तरी संकर झालेला आहे. मक्याइतका उपद्रव भाताला पोंचला नाहीं, याचा उलगडाहि या मिश्र कुळांतच शोधला जातो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढें कळली. ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांच्या पुढाकारानें आफ्रिका व आशिया येथील पतंगांची सबंध लिपि वाचण्यांत आली, आणि २०२२ सालीं तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अटलांटिक ओलांडून एकच टोळी आली आणि तीच पूर्वेकडे पसरत गेली, ही सोपी कथा या लिपींशीं जुळत नव्हती. निरनिराळ्या ठिकाणीं, निरनिराळ्या वेळीं, एकाहून अधिक वेळां ही कीड आली असावी, असें त्या अभ्यासावरून दिसतें. नकाशावर जी एक नदी वाटत होती, ती वस्तुतः अनेक ओहळांची आहे. आणि ओहळ अनेक असतील, तर एक बांध घालून निश्चिंत बसतां येत नाहीं. बंदरें आणि विमानतळ येथील तपासणी पहिली कीड येऊन गेल्यावरहि ढिली करून चालणार नाहीं, हा त्याचा सरळ बोध आहे.

कोणी म्हणेल, "मास्तर, अळी कोठून आली हें कळून माझ्या मक्याला काय लाभ?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याला दोन उत्तरें आहेत.

पहिलें उत्तर पपईच्या बागांतून मिळतें. २००८ सालीं कोइमतूरकडे पपईवर एक पांढरा पिठ्या ढेकूण दिसला. पाहतां पाहतां त्यानें तामिळनाडूंतील पपई, तुती आणि टॅपिओका यांची दैना केली, आणि पुढें महाराष्ट्रांतील पपईच्या बागांनाहि तो भोंवला. औषधें मारून लोक थकले; कारण त्याच्या अंगावर मेणचट पिठाचें चिलखत असतें. परंतु त्याचें मूळ मेक्सिको व मध्य अमेरिका यांत आहे हें ठाऊक होतें. मूळ ठिकाणीं तो इतका माजत नाहीं, कारण तेथें त्याचे वैरी आहेत. अमेरिकेनें या वैऱ्यांचा उपयोग आधींच करून पाहिला होता. म्हणून २०१० सालीं पोर्टो रिको बेटावरून तीन जातींचे सूक्ष्म परोपजीवी कीटक बंगळूरच्या संस्थेंत आणविण्यांत आले. त्यांची पैदास करून ते बागांत सोडले. हे चिमुकले जीव ढेंकणाच्या शरीरांत अंडीं घालतात आणि त्याला आंतून पोखरतात. थोडक्याच काळांत तें संकट आटोक्यांत आलें. चोराचें गांव ठाऊक होतें, म्हणूनच त्याला ओळखणारा शिपाई आणतां आला.

दुसरें उत्तर खुद्द लष्करी अळीचें आहे. अमेरिकेंत अनेक दशकें औषधांच्या फवाऱ्यांशीं झुंजून जे वंश टिकले, त्यांच्या अंगीं कांहीं जुन्या औषधांना दाद न देण्याचा गुण मुरला. आफ्रिका व आशिया येथें आलेल्या पतंगांच्या लिपींत त्या गुणाच्या खुणा आढळल्या आहेत. म्हणजे ही कीड आपल्या दारीं आली ती कोऱ्या पाटीनें आली नाहीं. बाहेरच्या शाळेंत बरेच धडे गिरवून आली. शेतकरी बापडा दुकानांतून जुनें, उग्र औषध आणतो, फवारतो, आणि अळी मरत नाहीं म्हणून पुन्हां दुप्पट फवारतो. पैसा जातो, अळीचे शत्रु मरतात, फवारणाऱ्याच्या छातींत विष जातें, आणि अळी शिल्लक राहते. तिची वंशावळ वाचणाऱ्यांनीं हा व्यर्थ खर्च कोठें टाळावा हें सांगितलें, हा लाभ लहान नव्हे.

आतां जगाच्या नकाशावरून आपल्या बांधावर येऊं. शास्त्रज्ञ देशोदेशीं जो माग काढतात तोच शेतकऱ्यानें आपल्या एकरभर शेतांत काढावयाचा आहे, आणि त्याच्या हातीं वेळ थोडा आहे. अंड्यांचा पुंजका आणि पानावरचे कागदी चट्टे ही पहिली खूण. या अवस्थेंत पुंजका बोटांनीं चिरडला तरी शंभर अळ्या एका चिमटींत संपतात. निंबोळीचें औषधहि उपयोगी पडतें. आठ-दहा दिवस गेले, अळी पोंग्यांत शिरली, वर विष्ठेचें बूच बसलें, कीं मग कितीहि मोलाचें औषध तिच्यापर्यंत नीट पोंचत नाहीं. म्हणून उगवणीपासूनच आठवड्यांतून दोनदां शेतांतून इंग्रजी डब्ल्यू अक्षराच्या वळणानें चालावें, पांच ठिकाणीं थांबावें, प्रत्येक ठिकाणीं दहा-वीस झाडांचे पोंगे पाहावे, आणि किती झाडांवर खूण दिसली तें लिहून ठेवावें. कामगंध सांपळा लावला असेल तर त्यांतील पतंग मोजावे. मात्र त्यांत दुसऱ्या जातींचे पतंगहि येऊन पडतात, म्हणून मोजण्यापूर्वीं ओळखावे.

पाहतांना शत्रूबरोबर मित्रहि दिसतील. पावसाळी दमट हवेंत पानाला चिकटून ताठ झालेली, पांढऱ्या व पुढें हिरवट बुरशीनें माखलेली अळी दिसली, तर आनंद मानावा. ती बुरशी आपल्याच मातींतली असून तिनें ही नवी कीड आपल्या आहारांत घेतली आहे. अंड्यांत अंडीं घालणारे सूक्ष्म कीटकहि आपल्याकडे आहेत. ज्या शेतांत हे मित्र कामाला लागले आहेत, तेथें विषाचा फवारा मारणें म्हणजे आपल्याच राखणदारावर काठी उगारणें होय. हें कळतें तेंहि पाहणाऱ्यालाच.

जागतिक अन्न व कृषि संघटनेनें २०१८ सालीं भ्रमणध्वनीवरून अशा नोंदी पाठविण्याची व्यवस्था सुरू केली, आणि देशोदेशींच्या शेतकऱ्यांच्या पाहणींतून या अळीचा नकाशा भरत गेला. ज्याला तें साधेल त्यानें तें करावें. ज्याला साधणार नाहीं त्यानें एक शंभर पानी वही घ्यावी. तारीख, शेताचें नांव, पीक, पिकाचें वय, काय दिसलें, आणि किती झाडांवर दिसलें, एवढे सहा रकाने पुरेत. खेड्यांतील शाळांना माझी विनंति आहे कीं, वरच्या वर्गांतील मुलांनीं गांवच्या पिकांची अशी एक वही चालवावी. त्यांत अभ्यासाचा कांहींच तोटा नाहीं. गणित, निसर्ग आणि शुद्धलेखन हीं तिन्हीं तिच्यांत एकदमच येतात. जें ओळखतां येत नाहीं त्यापुढें 'अपरिचित' असें प्रामाणिकपणें लिहावें, नमुना बाटलींत ठेवावा, आणि तालुक्याच्या कृषि अधिकाऱ्यास किंवा जवळच्या कृषि महाविद्यालयास दाखवावा.

ही अळी आतां येथून जाणार नाहीं. तिच्याशीं वर्षानुवर्षें व्यवहार करावा लागणार आहे. परंतु व्यापार आणि प्रवास चालू आहेत तोंवर हिच्या मागून दुसरी कोणती तरी कीड येणारच. ती आपल्या शेतांत प्रथम कोणाच्या नजरेस पडेल हें आज सांगतां येत नाहीं. पण ज्याच्या नजरेस पडेल त्यानें 'नेहमींचीच असेल' म्हणून पुढें न जातां क्षणभर वांकून पाहिलें, आणि पाहिलेलें त्याच दिवशीं लिहून ठेवलें, तर साऱ्या तालुक्याचा एक हंगाम वांचूं शकेल.